दोघांनी पाजलेलं नारळपाणी

आमचे हे फौजेतून निवृत्त होऊन आले ते बीपीच्या गोळ्या आणि एक कार्ड घेऊन. त्या कार्डावर दोघांचेही उपचार जन्मभर फुकट, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं की मी ते सप्तपदीतच धरून टाकलं. पुढे त्यांच्या किडन्या गेल्या. मग आठवड्यातून दोनदा वडनेर भोलजीहून निघायचं, एसटीनं राजूर घाट चढून बुलढाणा गाठायचं आणि एका खासगी दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर पडायचं. हे त्याला ड्यूटी म्हणत. ड्यूटीला उशीर झाला की माझ्यावर डाफरत.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी काउंटरवरच्या पोरीनं कार्ड परत सरकवलं. म्हणाली, "काकू, हे बंद केलं आता. वरून निधीच येत नाही." माजी सैनिकांच्या दवाखान्यात धावलो, तर तिथले डॉक्टर म्हणाले, निधी आला की सुरू होईल. सरकारी दवाखान्यात मशीन होत्या, पण आधीचेच पेशंट ताटकळत होते. पदरचे भरून डायलिसिसच्या एकदोन पाळ्या केल्या आणि आमचा दम संपला. पाळी चुकली की यांचं तोंड सुजायचं, आडवं होता यायचं नाही, बसल्या बसल्या धाप लागायची. मी देवापुढे बसणं सोडलं. काय मागणार त्याच्याकडे, निधी?

अशात निरोप आला, बुलढाण्याला माजी सैनिकांचा मेळावा आहे. सत्तेतले साहेब आणि विरोधातले भाऊ एकाच मंचावर येणार, आजारी सैनिकांनी पुढे बसावं. यांनी कोटावर पदकं लावली.

"अहो, तुमाले धड बसवत नाही, जाता कायले?"

"साहेबानं डोयानं पाह्यलं म्हंजे काम होते," हे म्हणाले. फौजेतला माणूस शेवटपर्यंत असाच भाबडा राहतो. मला राग आला, पण दुसरा रस्ता माझ्याकडेही नव्हता. गेलो.

भाऊ म्हणाले, या सरकारनं जवानांच्या औषधाला कात्री लावली. साहेब म्हणाले, उलट आम्ही तरतूद वाढवली, तुमच्या काळात किती होती ते सांगा. मग तुमचा काळ, आमचा काळ असं जे जुंपलं ते थांबेना. बोट मात्र दोघांचंही यांच्याकडेच. "हा जवान बघा!" एक म्हणायचा. "याच जवानासाठी!" दुसरा म्हणायचा. जवान धापा टाकत टाळ्या वाजवत होता. मी उभी राहिले. मला एवढंच विचारायचं होतं, या माणसाची पाळी परवा चुकली आहे, ती कधी होणार? एका कार्यकर्त्यानं मला हातानंच थांबवलं, "ताई, प्रश्न शेवटी." शेवटी राष्ट्रगीत झालं.

मग साहेब खाली उतरले. पाहुण्यांसाठी सोलून ठेवलेलं एक शहाळं त्यांनी उचललं आणि फोटोवाल्यांकडे बघत स्वतःच्या हातानं यांच्या तोंडाला लावलं. नारळपाणी यांना विषासारखं आहे, किडनी बंद असली की त्यातलं पोटॅशियम अंगात साठतं आणि हृदय थांबतं, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही बजावलं होतं. "नका पिऊ!" मी ओरडत होते, पण मधे फोटोवाले. फौजेत वरच्यानं आपल्या हातानं दिलेलं नाकारत नाहीत. यांनी सगळं संपवलं. मग भाऊ कसे मागे राहतील? त्यांनी दुसरं आणलं. तेही यांनी संपवलं आणि ताठ होऊन "जय हिंद" म्हणाले.

एसटी स्टँडवर यांचे पाय लुळे पडले. लोकांनी उचलून रिक्षात घातलं. मी रिक्षावाल्याला त्याच खासगी दवाखान्याचं नाव सांगितलं, दुसरं मला काही सुचलंच नाही. छातीला तारा लावताच तिथे पळापळ झाली आणि यांना तडक मशीनवर घेतलं. काउंटरवर मला कोणी थांबवलं नाही. मरायला टेकलेला माणूस दारातून परत पाठवता येत नाही, असा नियम आहे म्हणे.

"नारळपाणी कोणी पाजलं यांना?" डॉक्टर माझ्यावर खेकसले.

"एक सरकारनं, एक विरोधकांनी," मी म्हणाले. ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी यांच्या तोंडावरची सूज उतरली होती, श्वास मोकळा झाला होता. मी मोठ्या आशेनं काउंटरवर शुक्रवारची पाळी विचारली. "कार्ड बंदच आहे, काकू," पोरगी हळूच म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, पण त्या वाईट वाटण्याचं मी काय करू?

आम्ही स्टँडवर येऊन बसलो. हे बराच वेळ समोरच्या नारळाच्या हातगाडीकडे बघत होते.

"काल कार्ड इचारलं का वं कोणी?"

"नाही."

"मंग शुक्रवारी एक पिऊनच जाऊ."

थट्टा असेल म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बेत सांगत होते, पूर्वी ड्यूटीचा सांगायचे तसाच. मी त्यांना गदागदा हलवायला हवं होतं, रडायला हवं होतं. पण मीही त्या गाडीकडेच बघत होते आणि माझ्या तोंडून निघालं,

"एकानं होईन काय? काल दोन लागले."