पडद्यामागचं परडं

मला तेव्हा एकच गोष्ट लिहिता यायची, पत्रक. वर ठळक टायपात प्रश्न, मधे चार आरोप, तळाला "जागे व्हा!" बाविसाव्या वर्षी आख्ख्या कोल्हापूरला जागं करायचा मक्ता मीच घेतला होता. लोक चांगले जागे होते आणि मला बघून रस्ता बदलत होते. हे कळायला मला एक बाग करावी लागली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका बंद पडलेल्या सिनेमा स्टुडिओच्या आवारात तीन चिंचा आणि दोन वड उभे होते. नव्या रस्त्याच्या आखणीत पाचही झाडं जाणार होती. आम्ही सहा-सात पोरंपोरी ती वाचवायला निघालो होतो. हरकतींची सुनावणी महिन्यावर आली होती आणि आमच्या अर्जावर सह्या कुणाच्या? आमच्या आणि आमच्या आईबापांच्या. एवढ्यावर कोण ऐकणार होतं?

त्यातच फुलांच्या प्रदर्शनात आम्हाला एक जागा मिळाली. विषय होता सिनेमा-टीव्हीतली बाग, लोकांनी आत शिरून फिरावं अशी. अट एकच. घोषणा नाही, फलक नाही, पत्रकं नाहीत. मी पेटले. झाडं मरणाच्या दारात आणि आम्ही कुंड्या मांडून गप्प बसायचं? पण सह्या देणारी एवढी माणसं दुसरीकडे कुठं भेटणार? जागा सोडवेना.

कल्पना माझीच. दारात माणूसभर उंचीचा लाकडी टीव्ही, सरकत्या शटरचा, ज्याच्यापुढे रविवारी संध्याकाळी सगळी गल्ली सिनेमाला जमायची तसला. शटर सरकवून टीव्हीत शिरायचं, की आत मराठी सिनेमातलं गाव. विहीर, पार, तुळस, दगडी घर. घराला वळसा घालून वाट मागून बाहेर पडायची.

गाव उभं करायला मंगळवार पेठेतले एक मामा आले. त्याच स्टुडिओत तीस वर्षं त्यांनी सेट बांधले होते. झाडं द्यायची होती अक्कांनी. त्यांचं माहेर गडहिंग्लजकडचं, कानडी मुलखालगतचं, म्हणून त्या सगळ्यांच्या अक्का. कसबा बावड्यात त्यांची रोपवाटिका होती. दोघांचं पहिल्या दिवसापासून वाजलं. मामांनी बांबूवर गोणपाट ताणलं, वर चुना आणि रंग चढवला, आणि दगडी भिंत तयार झाली. अक्कांनी तिला टिचकी मारली.

"पावणं, तुमचा दगुड डफागत वाजतोय की."

"दगुड वाजवायचा नसतोय बाई, बघायचा असतोय."

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी आम्ही स्वतः शटर सरकवून आत गेलो. खरं सांगते, क्षणभर मी झाडं, अर्ज, सगळं विसरले. मग वाटेनं घराला वळसा घातला आणि जागीच थांबले. घराच्या मागे काहीच नव्हतं. उघडे बांबू, गोणपाटाच्या चिंध्या, खिळे, आणि कुठल्याशा जुन्या सेटची उलटी ठोकलेली फळी.

"मामा, पाठ अशीच ठेवलीत?"

"मग? पाठ कोन बघतंय? कॅमेरा फुडं हाय."

"कॅमेरा कुठाय इथं? माणसं चालत येणार आहेत मागं!"

नकाशा मामांनी दहादा पाहिला होता, पण हाताला तीस वर्षांची सवय. माझं तोंड सुटलं. तुमच्यामुळे आपलं हसं होणार, हसं झालं की सह्या गेल्या, सह्या गेल्या की झाडं गेली. पत्रकात शोभेल असं सगळं मी त्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवलं. आजही ते आठवलं की मान खाली जाते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मागनं कधी कुनी आलंच न्हाय, पोरी."

तेवढ्यात अक्का कुंड्यांचा टेम्पो घेऊन आल्या. "काय गं, मयताला बसल्यागत का बसलायसा?"

मी पाठ दाखवली. त्यांनी कमरेवर हात ठेवून नीट बघितली.

"पाठ कुठली? परडं हाय की ह्ये. घराला परडं नको व्हय? तुमच्या शिनेमातल्या बायका भांडी कुठं घासत्यात, पावणं?"

"घासत न्हाईत," मामा म्हणाले. "गानी म्हनत्यात."

अक्का इतक्या हसल्या की मामाही हसले. टेम्पो उलटा बावड्याला गेला आणि अक्कांच्या स्वतःच्या घरामागचं परडं घेऊन आला. तेलाच्या डब्यांत लावलेले दोडक्या-घेवड्याचे वेल, अळू, केळीचं रोप, गवती चहा, धुण्याचा दगड. उघड्या बांबूंवर वेल चढवले आणि त्यांचा मांडव झाला. आधाराचे बांबू मांडवाचेच वाटायला लागले.

प्रदर्शनात लोक पुढून "व्वा" म्हणायचे, फोटो काढायचे आणि पुढे सरकायचे. परड्यात मात्र थांबायचे. बायका अळूचं पान हातात घेऊन बघायच्या, धुण्याच्या दगडावर टेकायच्या. मी अट पाळून तोंड मिटून उभी. आणि मामा बोलायला लागले.

"ही भिंत खरी हाय व्हय?" एकीनं विचारलं.

"न्हाय. गोनपाट."

"आन् हीर?"

"पत्रा."

"म्हंजे शिनेमातली झाडं बी असलीच?"

"न्हाय, बाई. घरं केली, देवळं केली, येकदा आख्खा गड केला. झाड काय मला कधी जमलं न्हाय. म्हनून पार बांधायचो त्यो खऱ्या चिंचंखाली. हाय अजून ती. म्हैनाभर."

"म्हैनाभर म्हंजे?"

मामांनी सांगितलं. चार वाक्यं, एकही आरोप नाही.

"अर्ज-बिर्ज काय केलाय का न्हाय कुनी?" बाई जवळजवळ ओरडलीच. मी पिशवीतून अर्ज काढला. अटीत पत्रकं होती, अर्ज नव्हता. प्रदर्शन संपेपर्यंत पाठपोट सह्या झाल्या, आणखी कागद जोडावे लागले.

सुनावणीला मी भाषण पाठ करून गेले होते. माझ्याआधी ती परड्यातली बाईच उठली. "सायेब, रस्ता चार हात सरकवा की. त्या झाडाखालचे शिनेमे बघून आमी रडलोय." साहेब हसले, तिच्या मागे उभ्या बायकांकडे बघितलं, आणि लिहून घेतलं. मी भाषण केलंच नाही.

दोन वड गेले. त्यांचा राग मी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. तीन चिंचा राहिल्या. मामा आणि अक्कांचे उपकार कुठल्याही पत्रकात मावणार नाहीत, म्हणून एवढं लिहिलं. चिंचांपाशी रस्ता आता अचानक वळतो. रिक्षावाले तिथं आखणी करणाऱ्याच्या नावानं शिव्या हासडतात. मी मागे बसलेली असते. निमूट ऐकून घेते.