धाकट्याचं केळवण

एकाच संध्याकाळी कोरियात स्टेजवर उड्या मारून वरसेत गुडघ्याला तेल चोळणारी बाई अख्ख्या रोहा तालुक्यात एकच आहे, आणि ती माझी मामी. वय अठ्ठावन्न. घरामागे थोडी भातशेती, भात निघालं की त्याच जमिनीत वाल, आणि या दोन्हींमधून जो वेळ उरतो त्यात कोरियातल्या नाचगाण्याच्या ताफ्यातला सर्वांत लहान मुलगा होणं, असा तिचा दिनक्रम. मामा कंपनीतून निवृत्त झालेले. बोलणं बेताचं. दारात कुणी येऊन मामीची चौकशी केली तर ते पेपरातून मान वर न काढता सांगतात, "कोरियाला गेलीय. येल भाकऱ्या थापायला."

हा काय प्रकार आहे हे कळायला माझ्यासारख्या, पेणच्या शाळेत पोरांना मराठी शिकवणाऱ्या माणसाला बराच वेळ लागला. त्या ताफ्यात पाच मुलगे. त्यांच्या इकडच्या चाहत्या मुली मोबाइलवर त्यांची सोंगं घेतात. एकीने थोरला व्हायचं, एकीने मधला, आणि मग त्या त्या मुलाच्या नावाने दिवसभर लिहायचं, आज सराव झाला, पाय दुखतायत, तुमची आठवण येते. बाकीच्या चाहत्या त्यांच्याशी अगदी खऱ्यासारख्या बोलतात. सोंग आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण सोंगामागे कोण आहे हे विचारायचं नाही, असा दंडक. मामीच्या लेकीने कॉलेजात असताना धाकट्याचं सोंग घेतलं होतं. लग्न होऊन नाशिकला जाताना ती म्हणाली, "आई, चार दिवस सांभाळ गो, नायतर ग्रुपवाल्या काढतील मला." कुंडीतल्या झाडाला पाणी घाल म्हणावं, तसं. लेक संसारात रमली आणि विसरली. मामीने मात्र धाकट्याला जो पदराखाली घेतला तो सोडलाच नाही.

मामीच्या हाती पडल्यापासून त्या कोरियन पोराचं वळणच बदललं. तो पहाटे उठायला लागला. पावसात भिजला की सुंठीचा काढा घ्यायला लागला. परीक्षेला बसणाऱ्या चाहत्यांना तो सांगायचा की रात्री जागू नका, सकाळी वाचलेलं ध्यानात राहतं. थंडीत एकदा त्याने सरावानंतर चौघा भावांना पोपटी खायला बोलावलं आणि मडक्यात वालाच्या शेंगा कशा भरायच्या, भांबुर्ड्याचा पाला किती लावायचा, मडकं उपडं घालून भोवती जाळ कसा करायचा हे इतकं रसाळ लिहिलं की चाहत्या पाघळल्या. थोरल्याचं सोंग घेणारी मुलगी मात्र भारी शिस्तीची. ती जळगावची, फार्मसी शिकणारी, हे आम्हाला पुष्कळ नंतर समजलं. तिने खासगीत झापलं, "धाकट्या, कोरियात भांबुर्डा उगवत नाही. पात्र सांभाळ." मामीने मला फोन करून विचारलं, "अरे, तिथं शेकोटीला काय घालतात मग?" मला काय ठाऊक! मी म्हटलं, लाकडं घालत असतील. "मग पाला कुठं नसणार?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

एकदा पेणला पापड न्यायला आली होती. आमच्या हिचा चहा होतोय तोवर मामी ताडकन उठली, "थांबा, माझा कार्यक्रम हाय," म्हणाली आणि गॅलरीत जाऊन बसली. तासभर तिथून तिचा आवाज येत होता, कारण मामी लिहिते ते मोठ्याने बोलत लिहिते. "आता मी उडी मारतो. आता मी वळून बघतो. अगो बाई, काय या पोरी ओरडतायत!" कार्यक्रम आटोपून घामाघूम होऊन आत आली आणि पलंगावर पाय लांब करून म्हणाली, "एवढं नाचून गुडघा धरला बघ." ती मस्करी करत नव्हती. गुडघा खरोखरच धरला होता.

सगळं सुरळीत चालू असताना तिकडच्या खऱ्या धाकट्याने लग्न जाहीर केलं आणि इकडे आभाळ कोसळलं. चाहत्या पेटल्या. आम्ही तुला एवढा जीव लावला आणि तू असा दगा दिलास, अशी भाषा. काहीजणी तर त्या होणाऱ्या बायकोला वाटेल ते बोलू लागल्या. ग्रुपने ठरवलं की आपल्या धाकट्याने तरी हात जोडून म्हणावं, ही अफवा आहे, मी फक्त तुमचा. मामी संतापली. "लगीन करतोय पोरगा, दरोडा घालतोय काय?" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तिने त्याचं केळवण केलं. म्हणजे खरोखर केलं! पाट मांडला, भोवती रांगोळी, पाटावर त्याचा फोटो, समोर वडे, वालाचं बिरडं, पापड, शेवयांची खीर. फोटो काढून धाकट्याच्या नावाने टाकला आणि खाली लिहिलं, "आज माझं केळवण झालं. पोटभर जेवलो. जिला रडायचंय तिने रडावं, पण जेवून रडावं. आणि माझ्या बायकोला कुणी वाकडं बोलायचं नाही."

बापरे, काय वणवा पेटला! निम्म्याजणी म्हणाल्या, धाकटा असावा तर असा. निम्म्याजणी म्हणाल्या, जित्या माणसाच्या तोंडात आपले शब्द घालायचा अधिकार हिला दिला कुणी? हे सोंगढोंगच बंद करा. त्यातल्या एका चाणाक्ष मुलीला फोटोत मागच्या भिंतीवर रोह्याच्या किराणा दुकानाचं कॅलेंडर दिसलं. झालं. दोन दिवसांत साऱ्यांना कळलं की धाकटा म्हणजे वरसेची एक बाई आहे. 'नाव बदलून फसवते' असा बोभाटा झाला. थोरलीने निरोप धाडला, जाहीर माफी मागा, नाहीतर ग्रुप सोडा.

मामीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज ऐकून मी धसकलो आणि तडक वरसे गाठलं. ती ओट्यावर बसली होती, मोबाइल मांडीवर पालथा. "या पोरी गेल्या तर मी बोलायचं कुणाशी रे?" म्हणाली. लेक नाशिकला, मामा पेपरात. तिला दिवसाकाठी हाक मारणारं दुसरं होतं कोण? मला वाईट वाटलं, आणि पोरींचा रागही आला. मी झोकात माफीनामा लिहायला घेतला. 'अनवधानाने' एवढं लिहून होतंय तोच मामीने थांबवलं. "तसं नको. मी सांगते तसं लिही. त्या पोराला मी इचारलं नाय, हे खरं. त्याच्या तोंडी माझं बोलणं घातलं, ते चुकलं. त्याची माफी मागते. पण नाव बदललं म्हणून मागणार नाय. मी या घरात आले तेव्हा थोरल्या जावेचं नाव पण सुमन. एका घरात दोन सुमन कशाला म्हणून ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं त्यात अपर्णा लिहिलं, आणि पेढे वाटले. छत्तीस वर्षं अपर्णा होऊन वावरते. तेव्हा नाय कुणी माफी मागितली."

माझा हात थांबला. मामीचं नाव सुमन होतं हे मला ठाऊकच नव्हतं. आतून पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. मामा दारात येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "आण्णांनी सांगितलं तसं मी लिवलं." आण्णा म्हणजे माझे आजोबा. मग मामीकडे बघून, "तुला इचारलं नव्हतं गो."  मामी पदराने मोबाइलची काच पुसत बसली.

तिने सांगितलं तसंच लिहून टाकलं आणि धाकट्याचं खातं बंद केलं. दोनेक दिवस काहीच नाही. मग जळगावहून थोरलीचा निरोप आला. धाकटा परत नको, पण तुम्ही या. तुम्हाला काय हाक मारायची ते सांगा. मामीने बराच वेळ घेऊन एकच शब्द टाइप केला.

आता त्या ग्रुपवर चार कोरियन मुलगे आणि एक सुमनमावशी आहेत. उड्या बंद झाल्या, गुडघा बरा आहे, पण आमच्या गॅलरीत पुन्हा एकदा तसा कार्यक्रम व्हावा असं मला उगाच वाटत राहतं. परवा वरसेला गेलो होतो. चहाच्या वेळी मामांनी पेपर बाजूला ठेवला, घसा खाकरला आणि नव्या नवऱ्यासारखं लाजत आत हाक मारली, "सुमन!"  मामी शेजारच्याच खोलीत वाल निवडत बसली होती, तिला ऐकूही गेलं होतं. पण हाक आपल्याला आहे, हे तिच्या ध्यानात यायला मामांना ती पुन्हा एकदा मारावी लागली.