शिपायाचा चोरखिसा

माझ्या कपाटात अकरा शिपाई होते आणि त्यांतल्या एकाच्याही अंगावर चुकीचं बटण नव्हतं. हे मी जरा तोऱ्यातच सांगते आहे, पण तेव्हा मला त्याचा खरोखरच तोरा होता. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी बारामतीतल्या एका शाळेत इतिहास शिकवायची. तिशी ओलांडली होती, लग्न केलं नव्हतं, आणि तिथल्याच जळोचीत दोन खोल्यांत आई आणि मी राहायचो. लोकांच्या कपाटात काचेचे पेले आणि फुलदाण्या असतात. आमच्याकडे फूटभर उंचीचे, गुडघ्यात आणि कोपरात वाकणारे शिपाई ओळीनं उभे असत.

हे शिपाई मूळचे परदेशी. पुण्याच्या जुन्या बाजारात, मोडक्या रेडिओंच्या आणि गंजक्या कुलपांच्या ढिगात ते सापडायचे. कुणाचा हात गेलेला, कुणाचं नाक घासलेलं. महिन्यातल्या एका रविवारी मी सकाळची एसटी धरायची आणि एखादा मिळालाच तर पिशवीत घालून आणायची. घरी आला की आधी त्याचे परदेशी कपडे उतरवायचे, साबणानं त्याला धुवायचं आणि मग आपल्या सैन्यात भरती करायचं. तो कुठल्या काळातला, उन्हाळ्यातला की थंडीतला, हे ठरल्याशिवाय मी कात्रीला हात लावत नसे. टूथपेस्टच्या ट्यूबच्या पत्र्यातून पट्ट्याचं बकल निघायचं, सायकलच्या जुन्या ट्यूबमधून बूट. बटणं मोहरीची. मोहरीच्या दाण्यावर डिंक चढवून रंग दिला की हुबेहूब पितळी बटण होतं, फक्त मोहरी निवडताना आईची परवानगी लागायची.

शाळेतल्या बाया मधल्या सुट्टीत म्हणायच्या, "आमच्या बाई अजून बाहुल्या खेळतात." मी म्हणायची, बाहुली आणि शिपाई यांतला फरक ज्यांना कळत नाही त्यांनी इतिहासाचे पेपर तपासू नयेत. माझा स्वभाव तिखटच होता आणि त्या शिपायांच्या बाबतीत तर जास्तच.

माझं काम तपासणारा माणूस एकच. आमचं मूळ गाव शेळगाव, इंदापूर तालुक्यातलं. तिथले तात्या सुभेदार म्हणून निवृत्त होऊन डाळिंबाची बाग करत होते. नवा शिपाई तयार झाला की तो कापडात गुंडाळून मी शेळगावला न्यायची. तात्या अंगणातल्या खाटेवर बसून भिंग लावून त्याला टाळूपासून टाचेपर्यंत तपासायचे आणि चुका काढायचे. पट्टा दोन दोरे खाली आहे, बुटाची नाडी आडवी हवी, तिरकी नको. मी मुकाट परत आणून दुरुस्त करायची. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं मी ऐकल्याचं मला आठवत नाही.

तात्यांचं ऐकायचं कारण वेगळंही होतं. ते दादांच्या पलटणीतले. दादा म्हणजे माझे वडील. दोघं एकाच दिवशी भरती झाले होते. मी पाच वर्षांची असताना डोंगरातल्या रस्त्यावर दादांची गाडी दरीत गेली आणि तात्या एकटेच निवृत्त होऊन गावी आले.

बारावा शिपाई दादांचा करायचा, हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. बाकीचे अकरा हात बसावा म्हणूनच केले होते म्हणा ना. मला दादांचा चेहरा आठवत नाही. घरात त्यांचा एक काळापांढरा फोटो आहे, स्टुडिओतल्या पुठ्ठ्याच्या खांबाशेजारी वर्दीत उभे असलेले. तो मला पाठ आहे, पण पाठांतर आणि आठवण यांतला फरक शिक्षकाला तरी कळतो. चेहरा माझ्या हातून गेला तो गेलाच. निदान कपडे तरी अचूक व्हावेत, एका टाक्याचीही चूक नको, एवढी एकच गोष्ट मला हवी होती. तसा शिपाई उभा राहिला तर दादा थोडे तरी माझ्या वाट्याला येतील असं मला वाटायचं. शाळेत सव्वीस जानेवारीला बाराही शिपाई मांडायचे, असं मी मुख्याध्यापकांना सांगूनही ठेवलं होतं.

अडचण अशी की दादांच्या वर्दीची चिंधीसुद्धा उरली नव्हती. त्यांची पेटी घरी आली तेव्हा आईनं त्यातल्या शर्टांचं माझं दप्तर शिवलं. आतल्या बाजूला एक बारकासा खिसा होता, त्यात मी पाटीवरची पेन्सिल ठेवायची. सातवीपर्यंत ते दप्तर टिकलं, मग त्याची फडकी झाली आणि फडकीही झिजून गेली. म्हणून मी रंगाबद्दल आईला विचारलं.

"वाळाय लागलेल्या मेथीगत व्हता," आई म्हणाली. "एकदम हिरवा न्हाय अन् मातीचाबी न्हाय."

मी कापड चार वेळा रंगवलं तेव्हा कुठं तिनं मान हलवली. शर्ट मी कापला, पण शिवायला तिनं मागून घेतला. तिचा टाका माझ्यापेक्षा बारीक. दुपारी शाळेतून आले की ती दारातल्या उजेडात बसलेली असायची, मांडीवर तो तळहाताएवढा शर्ट, आणि शिवता शिवता ती बोलायची. इतक्या वर्षांत ती दादांबद्दल कधी बोलली नव्हती. त्यांचा डावा खांदा उतरता होता. रजेवर आले की ते आधी विहिरीवर जायचे आणि मग घरात यायचे. चहा बशीत ओतून ती बशी आधी तिच्यापुढं सरकवायचे. मी शेजारी वही घेऊन बसायची. आज लिहितानाही लाज वाटते, पण त्या वहीत मी फक्त खांद्याचं लिहून घेतलं, कारण शर्ट बेतायला तेवढंच उपयोगाचं होतं.

शर्ट झाला. मी तो उलटा करून शिवण बघितली तर आत, डाव्या बाजूला, नखाएवढा खिसा. चोरखिसा. आमच्याकडच्या बायका पुरुषांच्या बंडीला आतून असा खिसा लावतातच, त्याशिवाय त्यांना शिवण पुरी झाल्यासारखी वाटत नाही. मला वाटलं, हाताच्या सवयीनं लावला.

"आई, ही बंडी नाही. सैन्याच्या शर्टाला चोरखिसा नसतो."

"त्येंच्या व्हता."

"कुठल्याच फोटोत नाही."

"आतला खिसा फोटूत कसा दिसंल?"

"नियमात बसत नाही," मी म्हणाले. माझा तो शाळेतला आवाज लागला होता. "छातीवर झाकणाचे दोन खिसे, बास. तात्या एका नजरेत चूक काढतील." आणि ब्लेड घेऊन मी तिच्यासमोरच तो खिसा उसवला.

आई "बरं" म्हणाली. सुईदोरा डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि भाकरी करायला उठली. दुसऱ्या दिवशी मी पँट शिवायला दिली तर म्हणाली, "तूच शिव, मला नेमकं जमत न्हाय." दादांबद्दल ती पुन्हा एक शब्द बोलली नाही. माझ्या काही लक्षात आलं नाही असं नाही. पण सव्वीस जानेवारी जवळ आली होती आणि पँटच्या घड्या काही मनासारख्या पडत नव्हत्या.

शिपाई पुरा झाल्यावर मी तो शेळगावला नेला.

"जयभीम, मास्तरीनबाई," तात्या म्हणाले. "आनला का माझा मैतर?"

त्यांनी भिंग काढलं. बूट बघितले, नाडी आडवी होती. पट्टा बघितला. डावा खांदा बोटानं चाचपून जरा हसले. मग काडेपेटीतल्या काडीनं शर्टाची दोन बटणं सोडवून करंगळी आत घातली आणि माझ्याकडं बघितलं.

"खिसा कुठाय?"

"दोन आहेत की, तात्या. छातीवर."

"ते सरकारी. घरचा कुठाय?"

तात्यांनी शिपायाला मांडीवर आडवं ठेवलं.

"वहिनीनं शिवल्याला खिसा. परत्येक शर्टाला. तपासनीत घावला तवा कवायतीचा उस्ताद म्हनला, उसव. ह्यो न्हाय म्हनला. पाठीवर वजनाचा पिट्टू बांधून मैदानाला चकरा मारल्या, पन उसवला न्हाय. फुडच्या तपासनीला परत चकरा. शेवटी उस्तादच कटाळला."

"पण त्यात ठेवायचे काय?"

"तुला ठेवायचा."

तात्यांनी हातानं जमिनीपासून वर माप दाखवलं.

"वहिनीला लिवाय येत न्हवतं. पत्र शाळंतलं मास्तर लिवायचं. वहिनी त्यात दोरा टाकायची. तुला भितीला उभी करून डोस्क्यापासनं टाचंपत्तोर माप घेतल्याला. रजंवर येताना फ्रॉक बरुबर मापाचा आनाय पायजे म्हनून सुरू झालं ते. पन ह्यो पत्र एकदा वाचायचा अन् दोरा रोज काढायचा. खाटंवर सरळ पसरायचा. नवा दोरा आला की जुन्याशेजारी लावून बोटानं फरक मोजायचा अन् आमाला समद्यांना बोलवायचा. एवढी झाली म्हनायचा. बारीक बघायची खोड तुझी, ती त्येच्याकडनं आली."

"शेवटचा दोरा?"

"अंगावरच्या शर्टात व्हता," तात्या म्हणाले. मग त्यांनी त्या शिपायाची बटणं लावली, कॉलर सरळ केली आणि मला परत दिला. "बाकी समदं बरुबर हाय, पोरी."

परतीच्या एसटीत मला दप्तर आठवलं. आतला तो बारकासा खिसा, ज्यात मी सात वर्षं पाटीवरची पेन्सिल ठेवली. तो दप्तरासाठी शिवलेला नव्हताच. दादांच्या शर्टातून तो तसाच माझ्याकडं आला होता. मी रोज त्यात बोटं घालायची आणि मला कधी कळलं नाही. मला रडू आलं. शेजारच्या बाईनं काय झालं विचारलं तेव्हा मी डोळ्यांत धूळ गेली म्हणाले. रडण्याची लाज नव्हती वाटत, त्या ब्लेडची वाटत होती.

घरी आले तेव्हा आई उंबऱ्यात भाजी निवडत होती. मी शिपायाचा शर्ट काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

"खिसा लावून दे."

"नियमात बसत न्हाय म्हनलीस."

"चुकलं माझं," मी म्हणाले. हे शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाहीत, म्हणून तिनं भाजी बाजूला ठेवली. "आई, दोऱ्याचं मला का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कुठं?" आई म्हणाली. "तू बटनं इचारलीस."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं हात पुसले, डबा आणला, आणि आधीच्या टाक्यांची भोकं कापडात दिसत होती त्याच भोकांतून पुन्हा खिसा लावला. मी वही न घेता शेजारी बसले. शर्ट तिनंच शिपायाला घातला, पण बटणं लावली नाहीत. उठून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेतलं आणि म्हणाली, "उभी ऱ्हा. भितीला."

"आई, अगं मी—"

"टाचा टेकव."

मी टाचा टेकवल्या. आता मी तिच्यापेक्षा उंच, म्हणून ती पाटावर चढली. दोऱ्याचं टोक माझ्या डोक्यावर ठेवून तिनं मला ते अंगठ्यानं दाबून धरायला लावलं, मग पाटावरून उतरून खाली बसली आणि दोरा माझ्या टाचेपर्यंत ताणला. तिथं दातानं तोडला. तिच्या डोक्यावरचा पदर माझ्या पायाला लागत होता. इतक्या वर्षांत मला कुणी असं मापलं नव्हतं आणि मी श्वाससुद्धा जपून घेत होते, माप चुकू नये म्हणून.

तिनं दोरा बोटांभोवती गुंडाळला, घडी दाबून दाबून बारीक केली आणि त्या नखाएवढ्या खिशात कशीबशी बसवली. मग शर्टाची बटणं लावली. डाव्या बाजूला शर्ट फुगला. कुठलाही तपासणारा ती चूक धरील, मीसुद्धा धरली असती. मी फुगवटा दाबायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

"लई वरसं झाली," आई म्हणाली. "त्येंना कळवायचं ऱ्हाऊनच गेलं व्हतं."

आणि तिनं शिपायाला दोन्ही हातांत धरून स्वतःच्या तोंडासमोर आणलं. "एवढी झाली," तिनं त्याला सांगितलं.