सकाळी चरित्र, दुपारी खून

बंडगर तात्या समोरच्या माणसाकडे नुसतं पाहून त्याची सगळी माहिती सांगत आणि ती हमखास चुकत असे. मी बारामतीत त्यांच्याकडे भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा माझ्या चपला निरखत ते म्हणाले, "सोमेश्वरनगरवरनं आलाय. कारखान्यात कामाला. लगीन झालेलं." मी इंदापूर तालुक्यातला, शाळामास्तर आणि लग्नासाठी झुरणारा. तात्यांना चुकल्याचं मुळीच वाईट वाटलं नाही. "जित्या माणसाचं मला जमत न्हाय," ते हसत म्हणाले. "मेलेली बरी. गडबड करत न्हाईत."

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले तात्या सकाळी आंघोळ करून, डोक्यावर टोपी घालून जुन्या सरदार-सुभेदारांची चरित्रं लिहीत आणि दुपारी बनियनवर बसून रहस्यकादंबऱ्या. चरित्रं स्वतःच्या नावाने, कादंबऱ्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या नावाने. त्यामुळे मंडईत बायका काकूंना अडवून विचारत, "त्या डॉक्टरला कशाला हो मारलंत?" काकू वांगी निवडता निवडता म्हणत, "लई शेफारला व्हता." वाचनालयात चरित्रं कोरी करकरीत राहत, कादंबऱ्यांची पानं सुटून येत. तात्या म्हणत, "चरित्रात पुरावा गावंस्तवर मानूस मारता येत न्हाय. कादंबरीत आधी मारायचा, मग पुरावा हुडकायचा. हुडकनं दोन्हीकडं हायेच की."

या हुडकण्यावर एक दिवस माझं लग्न अवलंबून राहील, असं मला वाटलं नव्हतं. माझ्याच शाळेत शिकवणाऱ्या सुनंदाशी मला लग्न करायचं होतं. माझं गाव शेळगावकडची खालची वाडी, तिचं ओढ्यापलीकडची वरची वाडी, आणि या दोन वाड्यांत सोयरीक होत नसे. आमच्या मूळपुरुषाला, नाइकाला, वरच्या वाडीच्या पाटलाने जेवायला बोलावून मारलं, अशी आमच्याकडे पक्की समजूत. माझे वडील, अण्णा, एकच वाक्य बोलत, "नाइकाच्या मारेकऱ्यांची लेक या घरात येनार न्हाय." आणि तात्या त्या वेळी नेमकं नाइकाचंच चरित्र लिहीत होते.

दसऱ्याला मी तात्यांना घरी नेलं. अण्णांनी त्यांना आपट्याचं सोनं दिलं ते डाव्या हाताने. तात्या दचकले.

"डाव्या हातानं?"

"आमचा नाईक डावखुरा व्हता," अण्णा म्हणाले. "म्हनून आमी सोनं डाव्याच हातानं देतो."

तात्यांनी ते पान खिशात घातलं आणि जेवायलाही न थांबता ते ओढा ओलांडून वरच्या वाडीत गेले. थोड्या दिवसांनी त्यांनी दोन्ही वाड्यांच्या जाणत्या माणसांना वरच्या वाडीच्या मारुतीपुढे बोलावलं. त्यांच्या कादंबरीतला इन्स्पेक्टर शेवटी सगळ्या संशयितांना असाच गोळा करी.

अण्णा यायला तयार नव्हते. पण ते काकूंच्या कादंबऱ्यांचे पक्के वाचक, आणि तात्यांनी तेवढंच धरलं. "अण्णा, मारेकरी कोन ते सांगनार हाय. शेवटचं प्रकरण चुकवू नका." अण्णा चरफडत उठले. माझा जीव टांगणीला लागला होता, कारण या माणसाचा अंदाज बरोबर आलेला मी एकदाही पाहिला नव्हता.

देवळाशेजारी शेंदूर फासलेली वीरगळ होती, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी कोरलेला दगड. आमच्या वाडीतल्या कुणी तो कधी पाहिलाच नव्हता. खालच्या कप्प्यात गाई होत्या आणि त्यांच्यापुढे पाठीला पाठ लावून लढणारे दोन गडी.

"ह्यो आमचा पाटील," सुनंदाचे वडील म्हणाले. "दुसरा कोन, ठावं न्हाय. त्याची तलवार डाव्या हातात हाय. कारागीर चुकला आसंल."

"कारागीर न्हाय चुकला," तात्या म्हणाले. "गुरं वाचवताना दोघं संगंच पडले. अण्णा, खून करून कुनी मेलेल्याचा दगड बसवतं व्हय? त्यो बी आपल्या पाटलाच्या पाठीशी? तुमी मारेकरी म्हनता, ती मानसं तुमच्या नाइकाला दर आवसंला नारळ फोडत्यात."

अण्णा त्या डाव्या हाताकडे पाहतच राहिले. मग खाली बसले, दगडाचा शेंदूर बोटाने कपाळाला लावला आणि सुनंदाच्या वडिलांना म्हणाले, "पावनं, जरा पानी पाजा."

खालच्या वाडीच्या माणसाने तिथे पाणी मागितल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. सुनंदाचे वडील स्वतः तांब्या आणायला पळाले. मला इतका आनंद झाला की सगळ्यांदेखत मी तात्यांना मिठी मारली. तात्यांचे डोळे घळाघळा वाहत होते.

"आयला," ते म्हणाले, "इतक्या कादंबऱ्या लिवल्या, पर असा शेवट एकदा बी सुचला न्हाय."