पडदा काढलेलं स्वयंपाकघर

नवरा यंत्रमागावर होता आणि मी सुरतेत भेस्तानच्या आमच्या खोलीत साड्यांच्या कातरणांची तोरणं शिवायची. एका लग्नात ती पाहून एक गुजराती बाई माझं घर शोधत आल्या. त्यांच्या यजमानांच्या सहलीच्या बस होत्या. कतारगामच्या एका वाडीत, म्हणजे समाजाच्या हॉलमध्ये, त्यांना खाण्याचा आणि सहलींचा मेळा भरवायचा होता. जिथली सहल तिथलं जेवण, आणि मागे तिथला देखावा. देखावे मी करायचे होते.

केरळ, राजस्थान मी कुठे पाहिलं होतं? कॅलेंडरवरची चित्रं पुढे ठेवून चटयांची होडी बांधली, पुठ्ठ्याचे झरोके कापले. सप्तशृंगीचा गड मात्र पाहिलेला होता, तो चित्राशिवाय शिवला. कंपनीची निशाणी शेठनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, स्वतः ठरवली होती, पाठीवर जेवणाचा डबा घेतलेला उंट. तो त्यांना जागोजागी हवा होता.

काम अर्ध्यावर आलं आणि शहरात प्लेग आला. गल्लीतली माणसं तोंडाला रुमाल बांधून स्टेशनकडे धावू लागली. आम्हीही दोन मुलींना घेऊन भुसावळकडच्या गाडीत कसेबसे शिरलो.

सासरच्या गावी थोरले दीर वेशीवरच उभे होते. "घरात नको," ते म्हणाले. "गाव ऐकणार नाही." त्यांची नजर जमिनीवर होती. आम्हाला शेतातल्या गोठ्यात ठेवलं. जेवण यायचं ते बांधावर पळसाच्या पानावर. ठेवणारा लांब गेला की मग आम्ही उचलायचं. धाकटी विचारायची, "आपण काय केलं?"

शेजारच्या गावाहून माझी आई चालत आली. दिरांनी तिला बांधावर अडवलं. ती म्हणाली, "मनी पोर शे. तिना संगे नई जेवसू ते कोना संगे?" लेकीसंगे नाही तर कोणासंगे जेवायचं, एवढंच विचारून ती सरळ गोठ्यात आली. फडक्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तिने सोडली, माझ्याच पानातून पहिला घास घेतला. त्या घासानंतर मला इतकं रडू आलं की जेवायचं राहिलंच.

आम्हाला काही झालं नाही. सुरतेला परतलो तर गल्लीतल्या दोन खोल्यांना कुलूप होतं. एका खोलीतली माणसं पुढे परतलीच नाहीत.

थंडीत शेठनी अर्धवट राहिलेल्या मेळ्याचं काम पुन्हा काढलं. बाई मात्र काळजीत होत्या. "देखावे सुंदर आहेत गं, पण बाहेरचं कोण खाणार? लोक अजून लग्नातसुद्धा पानाला हात लावत नाहीत."

मी तेव्हा राजस्थानमागचा मोठा पडदा टाचत होते. त्याच्या आड चुली असणार होत्या. आई आठवली आणि हातातली सुई थांबली. लोकांना सांगून काय होणार होतं? कोणीतरी डोळ्यांसमोर शिजवायला हवं होतं.

"पडदे काढून टाकू," मी म्हणाले. "चुली पुढे आणू आणि देखावे मागे नेऊ."

शेठ दचकले. "बेन, लोग रसोडा देखेंगे!"

"देखने दो," बाईच म्हणाल्या.

दोन दिवस आम्ही सगळं फिरवलं. पिण्याचं पाणी उकळण्याचं पातेलं दारातच मांडलं. उंट भिंतीवरून उतरवून आचाऱ्यांच्या पांढऱ्या टोप्यांवर शिवला. गडाच्या डोंगरापुढे भेस्तानच्या दोघी जणी उलट्या खापरावर मांडे भाजायला बसल्या.

पहिल्या दिवशी माणसं आली, सहलींचे कागद घेऊन चालू लागली. खापराभोवती घोळका व्हायचा, मांडा हातावर मोठा होताना बघायचा आणि विरायचा. मांडे गार होत होते.

संध्याकाळी डोकं भादरलेले एक वयस्क गृहस्थ आले. खापरासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "एक आपो."

मी मांडा दुधात कुस्करून वाटी पुढे केली. ते तिथेच बाकावर बसून सावकाश जेवले. वाटी परत देताना म्हणाले, "दीकरो गयो. बारमामां कोई जमवा नो आव्युं." मुलगा गेला, बाराव्याला कोणी जेवायला आलं नाही. त्यांच्या घरी रांधलेलं तसंच राहिलं होतं. मी विचारलं, "काका, अजून देऊ?" त्यांनी मान डोलावली. मी दुसरी वाटी भरली. बाई येऊन त्यांच्याजवळ बसल्या.

बघणाऱ्यांतल्या एका बाईने हात पुढे केला, मग तिच्या जावेने. मेळा काही भरभरून चालला नाही, पण शेवटच्या दिवशी मांडे पुरले नाहीत.

पुढची कितीतरी वर्षं मी असे मेळे सजवले. आई त्या पहिल्या मेळ्यानंतरच्या उन्हाळ्यातच गेली. मी सुरतेला काय काम करते, हे तिला नीट कधी सांगायचं झालंच नाही. ते काका पुन्हा कुठल्या मेळ्यात दिसले नाहीत.