पिवळा ठिपका

फोन, निरोप, मीटिंग सगळं एकाच पडद्यावर आणणारी यंत्रणा ऑफिसात हट्टानं आणली मीच. तिचा सर्व्हरही मीच सांभाळतो. आज हनुवटीखाली हात ठेवून विचार करत बसलो, तर माझ्या नावापुढचा हजेरीचा हिरवा ठिपका डोळ्यांदेखत पिवळा पडला. पिवळ्याला ‘बेपत्ता’ हे नावही गमतीनं मीच दिलेलं. माउस कितीही फिरवला तरी ठिपका ढिम्म.

समोरून कुलकर्णीबाई म्हणाल्या, “अहो, तुम्ही बेपत्ता आहात! साहेब अर्धी रजा लावतायत.”

“समोर बसलोय, सांगा ना त्यांना!”

“सांगितलं. ते ठिपकाच बघतात.”

पूर्वी माणूस विचारात हरवला, तरी त्याची खुर्ची साक्ष द्यायची. हताश होऊन तक्रार नोंदवली. लगेच उत्तर आलं : सर्व्हर सांभाळणारे सध्या बेपत्ता आहेत.