स्टार्ट नावाची फाईल

आवाज केंद्रात सगळे तिला टेपताई म्हणत. टेप कधीच्याच गेल्या, रेकॉर्डिंग थेट कॉम्प्युटरवर होऊ लागलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. घशाच्या ऑपरेशननंतर ज्यांचा आवाज कायमचा जाणार आहे अशी माणसं त्या केंद्रात येत आणि आवाज शाबूत असेतोवर रोजची वाक्यं बोलून ठेवत. पाणी द्या. दार लावा. मला जरा पडायचंय. पुढे आवाज गेला की त्यांना हातात मावेल असं एक यंत्र मिळे. बटण दाबलं की त्यातून ज्याचा त्याचाच आवाज येई.

माणसाला माइकसमोर बसवायचं, वाक्यं वाचून घ्यायची, खोकला-अडखळणं कापायचं आणि सगळं त्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये ठेवायचं, हे टेपताईचं काम. पहिल्या दिवशी मात्र ती वाक्यांचा कागद देत नसे. "आज मनाला येईल ते बोला, घरच्यांसाठी," असं म्हणून ती उठायला लागे. बहुतेक जण तिला बसवून घेत. भिंतीशी काय बोलायचं, म्हणत. त्यामुळे लोकांचं काय काय तिने ऐकलं होतं, आणि ते कधी कुणाजवळ काढलं नव्हतं. या पहिल्या रेकॉर्डिंगला तिने अगदी सुरुवातीच्या काळात 'स्टार्ट' असं नाव दिलं आणि पुढे प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये तेच नाव चालत राहिलं.

पन्नाशी जवळ आली तसं तिचं मनगट धरायला लागलं. यंत्रवाल्या कंपनीने एखादी नवी फाईल पाठवली की ती प्रत्येक फोल्डरमध्ये टाकावी लागे. उघड, चिकटव, बंद कर, पुन्हा पुढचं उघड. सगळा दिवस त्यात जाई. घराजवळच्या ग्रंथालयात संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी प्रोग्रामिंगचा वर्ग निघाला, तेव्हा तिने नाव घातलं. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होता. तो म्हणाला, "आमच्या लिफ्टला तर दोनच गोष्टी सांगायच्या असतात, वर जा आणि खाली ये. तेवढंही धड ऐकत नाही. तुझा कॉम्प्युटर ऐकणार का?"

ऐकू लागला. वर्गात तिने पहिली कामाची स्क्रिप्ट लिहिली ती फाईल कॉपी करायचीच. म्हणजे चार ओळींचा हुकूम: या जागेतलं एकेक फोल्डर घे, त्यात ही फाईल टाक, पुढच्याकडे जा, संपले की थांब. घरी तिने रिकामी फोल्डरं बनवून तो चालवून पाहिला. पापणी लवायच्या आत सगळ्या फोल्डरांत फाईल जाऊन बसली. स्वयंपाकघरात उभी राहून ती एकटीच हसली.

पुढच्याच आठवड्यात कंपनीकडून एक छोटी फाईल आली. नुसता 'पीं' असा एकसुरी आवाज. नवी यंत्रं तो ऐकून आवाजाची पातळी लावणार होती, म्हणून तो प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये हवा होता. केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरबाई जाता जाता म्हणाल्या, "टेपताई, सावकाश करा हां. मनगट सांभाळा." टेपताईने मान डोलावली आणि त्या आत गेल्यावर आपली स्क्रिप्ट उघडली. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. तिने स्क्रिप्टमधला घरच्या फोल्डरांचा पत्ता काढून केंद्रातला घातला, दोनदा वाचला आणि बटण दाबलं. ओळी सरसर वर सरकल्या आणि थांबल्या. झालं काम.

खात्री करावी म्हणून तिने मधलंच एक फोल्डर उघडलं. फाईल होती. वाजवली, पीं वाजलं. तिचं नाव होतं 'स्टार्ट'. कंपनीनेच दिलेलं. ती दुसऱ्या फोल्डरकडे वळणार तेवढ्यात हात थांबला. या फोल्डरमध्ये आणखी एक स्टार्ट असायला हवी होती. एका आजोबांनी नातवाला सांगितलेली गोष्ट होती ती. तिने खालीवर पाहिलं. स्टार्ट एकच होती.

तिने दुसरं फोल्डर उघडलं. पीं. तिसरं. पीं. पुढे तिने वाजवायचंही सोडून दिलं, नुसती फाईलची लांबी बघत गेली. सगळ्यांची सारखी. माणसं वेगवेगळी, कुणी पाच मिनिटं बोललेलं, कुणी अर्धा तास, आणि आता सगळे सारखेच छोटे.

हाताने फाईल टाकताना कॉम्प्युटर दर वेळी विचारायचा, या नावाची फाईल आधीच आहे, बदलू का? त्या विचारण्याची तिला इतकी सवय होती की ते विचारणं म्हणजे कॉम्प्युटरचा स्वभावच आहे असं ती धरून चालली होती. स्क्रिप्टने काहीच विचारलं नव्हतं. तिने सांगितलंच नव्हतं विचारायला. आणि घरची फोल्डरं तर रिकामी होती.

तिने उठून दार लोटलं. कचऱ्याच्या टोपलीत पाहिलं, म्हणजे कॉम्प्युटर पुसलेल्या फाईली जिथे टाकतो तिथे. काही नव्हतं. पुसलेली फाईल तिथे जाते, पण जिच्यावर दुसरी लिहिली गेली ती जात नाही, हे तिला मोबाइलवर शोधल्यावर कळलं. तिथेच पुढे लिहिलं होतं, मशीनला हात लावू नका, दुसरीकडे प्रत ठेवलेली असेल तर ती पाहा. डॉक्टरबाईंच्या टेबलाखाली एक काळा डबा होता, त्यावर हिरवा दिवा लुकलुके. बॅकअप की काय तो त्यातच असतो हे तिला ऐकून माहीत होतं. पण डब्याबद्दल विचारायचं म्हणजे सगळं सांगायचं.

ती दोनदा डॉक्टरबाईंच्या दारापर्यंत गेली. दोन्ही वेळा आत पेशंट होता. खरं तर पेशंट होता याचं तिला हायसंच वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून आणखी भीती वाटली. खुर्चीत येऊन बसली की कुणाकुणाचे आवाज आठवत. कोण पहिल्या दिवशी रडलं होतं, कोण भांडलं होतं. नोकरी जाईल हा विचार येऊन गेला, पण तो बरा वाटावा असे दुसरे विचार मागे उभे होते. बाहेर कुणी जोरात बोललं तरी तिला वाटे, कळलं यांना.

शेवटी खिडकीबाहेरचे दिवे लागले आणि पेशंट संपले, तेव्हा ती आत गेली. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं. शब्द मागेपुढे होत होते. डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, खुर्ची मागे ढकलली, आणि गुडघ्यांवर बसत टेबलाखाली शिरून काळ्या डब्याची वायर उपटली.

"हा रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवरचं जसंच्या तसं उतरवून घेतो," त्या तिथूनच म्हणाल्या. "चांगलं असेल तर चांगलं, बिघडलेलं असेल तर बिघडलेलं. आत्ता चालूच झाला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे किती वाचलंय ते बघावं लागेल. तुम्हाला कधी कळलं हे?"

"दुपारी," टेपताई म्हणाली.

डॉक्टरबाई बाहेर आल्या, गुडघे झटकले आणि दुरुस्तीवाल्याला फोन लावला. पुढे कित्येक दिवस टेपताईला वाटत राहिलं, तेव्हा त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने डबा उघडून पाहिला. डबा नावांच्या क्रमाने कॉपी करत होता. सुरुवातीच्या काही अक्षरांच्या माणसांची स्टार्ट गेली होती, पुढच्यांची सगळी वाचली होती आणि ती त्याने कॉम्प्युटरवर परत आणून दिली. ज्यांची गेली त्यांच्यापैकी एक सोडून बाकीचे अजून बोलू शकत होते. टेपताईने स्वतः एकेकाला फोन केला. काही जण आले, पुन्हा बोलले. एक बाई म्हणाल्या, पहिल्या वेळी जरा जास्तच रडले होते, गेलं ते बरं झालं. एकाने फोनवर नाही नाही ते सुनावलं, आणि तरी आला.

राहिला तो एकच. गाडी शिकवणारे मास्तर. त्यांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, आणि त्याच आठवड्यात ते यंत्र न्यायला येणार होते.

मास्तर आले ते बायकोला घेऊन. गळ्याला पांढरा रुमाल, हातात लिहायची पाटी. बायको ठेंगणी, ताठ चालणारी. ती बसता बसता म्हणाली, "यांनी पहिल्या दिवशी काहीतरी बोलून ठेवलंय म्हणे. मला सांगतच नव्हते. यंत्र मिळालं की पहिलं तेच ऐकवतो म्हणाले होते."

डॉक्टरबाई सांगायला पुढे झाल्या, पण टेपताईने हाताने थांबवलं. "ते माझ्या हातून पुसलं गेलंय," ती म्हणाली. "बाकीची वाक्यं आहेत. तेवढं एक नाही. आणि मी दुपारीच सांगितलं असतं तर तेही वाचलं असतं."

मास्तरांनी पाटी मांडीवर घेतली, खडूने काही लिहिलं आणि तिच्याकडे वळवली. 'शिकाऊ माणूस गाडी ठोकतोच.'

"तुम्ही गप्प बसा," बायको त्यांना म्हणाली, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन तिचा चेहरा एकदम उतरला. मग तिने टेपताईला विचारलं, "तुम्ही ऐकलं होतंत ते?"

"हो."

"काय होतं?"

टेपताईने मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, सांगा. मग तिने सांगितलं. लग्नानंतर मास्तरांनी बायकोला गाडी शिकवायला घेतलं, आणि पहिल्याच दिवशी तिने ती शेजाऱ्यांच्या कुंपणात घातली. शिवाय गाडीतून उतरून शेजाऱ्यांनाच विचारलं, कुंपण इतकं पुढे कशाला घेतलंत? मास्तर तोवर मागच्या सीटवर जाऊन लपले होते.

"हे सांगताना हसले होते?"

"खोकला येईपर्यंत."

"गोष्ट मला पाठ आहे हो," बायको म्हणाली. "मला ते हसणं हवं होतं." ती उठली, यंत्राची पिशवी उचलली आणि मास्तरांना हाताला धरून घेऊन गेली.

त्यानंतर टेपताईने मास्तरांचं फोल्डर उघडलं आणि कानाला हेडफोन लावून एकेक वाक्य ऐकायला घेतलं. तिचं कापणं चोख होतं. वाक्य संपलं की दुसऱ्या क्षणाला शांतता. स्वतःच्याच चोखपणाचा इतका राग तिला आयुष्यात आला नव्हता. घरी नवरा विचारी, जेवलीस का, ती म्हणे हो. तो ताट वाढून समोर ठेवी. काम आवरलं की ती पुन्हा ऐकायला बसे, आणि दर फाईल संपताना वाटे, हीत तरी ते हसणं राहिलं असेल, हीत तरी.

'दार लावा' या फाईलच्या शेवटी तिचं कापायचं राहून गेलं होतं. वाक्यानंतर बराच वेळ काही नव्हतं. मग खुर्ची करकरली आणि मास्तर म्हणाले, "घरी हे वाक्य मी कधी म्हणतच नाही. मलाच उठून लावावं लागतं." आणि हसले. छोटंसं, नाकातून सुरू होऊन पोटात उतरणारं.

तिने तो तुकडा एका जागी ठेवला, दुसऱ्या जागी ठेवला, डॉक्टरबाईंच्या मशीनवर ठेवला, आणि मग मास्तरांच्या घरी गेली. दोन जिने चढून दारापाशी उभी राहिली, तेव्हा बेल वाजवायला बोट उचलेना. परत जावं, डाकेने पाठवावं असं मनात येऊन गेलं. तेवढ्यात मास्तरांच्या बायकोनेच कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला दार उघडलं.

त्यांनी जेवणाच्या टेबलावर तो तुकडा ऐकला. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. बायको म्हणाली, "पुन्हा लावा." तीनचार वेळा पुन्हा लावा म्हणाली. मग म्हणाली, "पण ही ती गोष्ट नाही."

"नाही."

"माझा राग गेलाय असं समजू नका."

"नाही समजत."

"हे यंत्रात कुठल्या बटणावर येईल?" तिने विचारलं. टेपताईने बटण दाखवलं आणि तुकडा त्यावर घालून दिला. दोनदा चुकलं. बायको शेजारी उभी राहून बघत होती, पण घाई केली नाही.

टेपताईने ठरवलं होतं, स्क्रिप्टच्या वाटेला पुन्हा जायचं नाही. पण कंपनीचा 'पीं' अजून सगळ्यांच्या फोल्डरमध्ये जायचाच होता. ती हाताने एकेक टाकायला बसली, तेव्हा डॉक्टरबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "असं करून मनगट जाईल आणि झोपेत चुकाल ते वेगळंच," त्या म्हणाल्या. "नीट लिहा. मी इथे बसते."

मग तिने स्क्रिप्ट नव्याने लिहिली. कंपनीच्या फाईलचं नाव बदललं, आणि यंत्राला ते नवं नाव कसं सांगायचं ते कंपनीकडून विचारून घेतलं. त्या नावाचं काही आधीच असेल तर हात न लावता पुढे जायचं, असं लिहिलं. आणि पहिल्या खेपेला काहीच कॉपी करायचं नाही, कुठे काय टाकणार होते तेवढं नुसतं दाखवायचं. डॉक्टरबाईंनी काळ्या डब्याची वायर आधी काढून ठेवली. दाखवलेली ओळ न् ओळ दोघींनी वाचली. मग टेपताईने खरी स्क्रिप्ट लावली, बोट बटणावर ठेवलं आणि तसंच ठेवून बसली. मग तिने दाबलं.

ओळी सरसर वर गेल्या. थांबल्यावर ती खुर्चीतून हलली नाही. पहिल्या माणसाच्या फोल्डरपासून सुरुवात करून तिने स्टार्ट वाजवायला घेतली. एक म्हातारा घसा खाकरून म्हणाला, "हं, तर चालू झालं का?" ती पुढच्या फोल्डरकडे गेली, आणि मग त्याच्या पुढच्या.